खेळण्यातील ट्रक आणि त्यांचे हलते भाग

नाणी जमविणाऱ्याला समाजात मान असतो, पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याचे कौतुक होते, पण कलाशाखेच्या विद्यार्थ्याने खेळण्यातील ट्रक जमविले तर "अजून खेळतोस काय रे?" एवढाच प्रश्न त्याच्या वाट्याला येतो. माझ्या संग्रहात असे एकतीस ट्रक आहेत. जुन्या जालन्यातील आमच्या घरात आजोबांच्या पोथ्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा त्यांना मिळाला आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी असून या ट्रककडे इतिहासाचे साधन म्हणून पाहतो असे सांगितले, की विचारणारा थोडा गंभीर होतो किंवा मोठ्याने हसतो. प्रस्तुत लेख दोघांसाठीही आहे.

संग्रहासाठी मी अट एकच ठेवली आहे. ट्रक धातूच्या ओतकामाचा असावा आणि चाकांखेरीज त्याचा निदान एक भाग हलावा. टिपर असेल तर हौदा उचलला गेला पाहिजे, क्रेन असेल तर आकड्याची दोरी गुंडाळली गेली पाहिजे, मिक्सर असेल तर त्याचे पिंप फिरले पाहिजे. काहीच नाही तर मागचा फाळका तरी उघडावा. या अटीमागे कारण आहे. मोटारगाडी तिच्या रूपावरून ओळखता येते, ट्रक ओळखायचा तो त्याच्या कामावरून. खेळणे घडविणाऱ्याने ते काम प्रत्यक्ष पाहिले होते की नुसते चित्रावरून उतरविले, याचा पुरावा त्या हलत्या भागात सापडतो. रंग आणि चकाकी यांतून तो मिळत नाही. मला या लेखात मुख्यतः एवढेच दाखवावयाचे आहे.

धातू ओतून चाकांचे वाहन घडविण्याची कल्पना विलायतेतून आली, असा समज असल्यास तो आधी दूर केला पाहिजे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली तांब्याच्या ओतीव वस्तूंचा संचय सापडला. त्यात बैलजोडीने ओढलेला आणि सारथी उभा असलेला रथ आहे; तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. त्याच्यासोबत हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यांचा नेमका काळ आणि उपयोग यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि इतके वजन पाहता ती मुलांची खेळणी खचित नसावीत. परंतु ओतीव धातूचे वाहन दोरीने ओढता यावे म्हणून त्याला फिरती चाके लावण्याची बुद्धी या भूमीत फार पूर्वी होती, एवढे निश्चित. हत्तीच्या पाटाखाली आस बसविण्याची सोय आहे, चाके मात्र उरलेली नाहीत. हलता भाग प्रथम नाहीसा होतो, हा संग्राहकांचा अनुभव इतका जुना आहे!

दायमाबादच्या आणि आजच्या ओतकामातील फरक साच्याचा आहे. मेणाच्या साच्याने ओतलेली वस्तू एकदाच होते. साचा फोडूनच ती बाहेर काढावी लागते. आपल्या औद्योगिक वसाहतीतील कामगार ज्याला 'डाय' म्हणतात तो पोलादी साचा मात्र दोन भागांचा असतो. वितळलेला धातू दाबाने आत शिरतो, क्षणात थिजतो, साचा उघडतो, वस्तू बाहेर पडते आणि साचा पुढच्या ओतीसाठी पुन्हा मिटतो. हे साधले ते जस्तामुळे. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून केलेला मिश्रधातू ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळईसाठी पोलाद करतात, त्याला दीड हजार अंशांच्या पुढची आच लागते. तेव्हा जस्त पोलादी साच्यात लाखो वेळा ओतले तरी साच्याचे काही बिघडत नाही. शिवाय ते इतके पातळ वाहते, की हौद्याच्या कडेवरील बारीक खिळे आणि बिजागरीचे कान वेगळे न जोडता अंगासोबतच ओतले जातात. हलता भाग स्वस्त झाला तो येथे.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली 'डिंकी टॉईज' हे नाव घेतले. फ्रँक हॉर्नबी यांच्या खेळण्यातील आगगाड्यांना शोभतील अशी छोटी माणसे आणि वाहने हे त्यांचे मूळ. त्याच वर्षीच्या लॉऱ्यांच्या मालिकेत हौदा उलटणारी एक लॉरी होती. पुढे १९४७ मध्ये लंडनला लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ यांनी लेस्ने कंपनी काढली. आडनाव एक असले तरी ते नातलग नव्हते. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचे नाव झाले. जॅक ओडेल हे त्यांचे यंत्रकुशल सहकारी. काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणण्याची परवानगी ओडेल यांच्या मुलीला होती, म्हणून त्यांनी तिला इवलासा रोड रोलर करून दिला आणि त्यातून 'मॅचबॉक्स' निघाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १९५३ मधील मॅचबॉक्सचा पहिला क्रमांक रोड रोलरचा, दुसरा डंपरचा, तिसरा सिमेंट मिक्सरचा. पहिली तिन्ही रस्ता आणि घर बांधणारी यंत्रे! महायुद्धात लंडनची पडझड झाली होती, बांधकामे चालू होती. त्या मुलांनी रस्त्यावर जे पाहिले तेच त्यांच्या खिशात आले. राज्यकारभाराच्या कागदपत्रांत हे कोठे नोंदलेले नसते.

मात्र काडेपेटीच्या मापाने घोटाळाही केला. पेटी एकच, म्हणून दुमजली बस आणि छोटी मोटार जवळजवळ एका लांबीची झाली. त्यामुळे या मालिकेतील दोन ट्रक शेजारी ठेवून खऱ्या ट्रकच्या आकाराची तुलना करू नये. डिंकीचे प्रमाण पुष्कळ गाड्यांत त्रेचाळिसास एक असे धरलेले दिसते. तेथे तुलनेला थोडा तरी आधार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका काकांनी बावीस वर्षे टिपर चालविला. त्यांना मी कपाटातील टिपर एकेक करून दाखविले. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. पहिला हातात घेऊन त्यांनी तो उलटा धरला, हौदा उचलला आणि म्हणाले, "बाळा, ह्याचा फाळका वरून लटकतोय बघ. ज्यानं केलाय त्यानं गाडी खाली होताना पाहिली आहे." साध्या मालट्रकचा फाळका खाली बिजागरी असलेला असतो, तो पाडून माल उतरवितात. टिपरचा फाळका वरच्या कडेला अडकविलेला असतो. हौदा उचलला की तो आपोआप खालून सुटतो आणि माती घसरते. माझ्या अकरा टिपरपैकी सातांत हे बरोबर आहे. दोघांचा फाळका साध्या ट्रकसारखा खाली पडतो आणि दोघांना फाळकाच नाही.

दुसरा टिपर घेऊन काका हसले. त्याची हौद्याची बिजागरी चासीच्या मध्यावर होती. "असा उलटवला तर सगळी माती मागच्या चाकावरच की!" बिजागरी चासीच्या अगदी शेवटी हवी, म्हणजे ढीग चाकांच्या मागे पडतो. मध्यावर दिली की हौदा बोटाच्या टेकूने उलटतो, ओतकाम सोपे जाते, आणि मुलांना कळत नाही असे कारखानदार समजतो. मी कोनमापक लावून सर्वांचे कोन मोजले. सर्वांत आळशी हौदा २८ अंश उचलला जातो, सर्वांत उत्साही ६२ अंश. सुटी माती घसरायला ४५ अंशांच्या आसपास पुरे होतात. यावर काकांनी जी पुस्ती जोडली ती कोणत्याही पुस्तकात नाही: आपली काळी माती पावसात भिजली की तेवढ्यालाही सुटत नाही, क्लीनरला फावडे घेऊन मागे उभे राहावे लागते. फावडेवाला क्लीनर असलेले खेळणे मी अद्याप पाहिलेले नाही.

१९६८ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने 'हॉट व्हील्स' आणली. बारीक आस आणि कमी घर्षणाची चाके यांमुळे ती उतारावर सुसाट पळत. मॅचबॉक्सलाही पुढच्याच वर्षी आपली चाके बदलावी लागली. खेळण्याच्या जगात तेव्हापासून वेगाला किंमत आली आणि कामाची किंमत उतरली, असे माझे मत आहे. वेगाने पळणाऱ्या टिपरचे करायचे काय? रिकामा टिपर हायवेवर कसा पळतो ते आपण रोज पाहतो, ते कौतुकाचे नव्हे. असो. पुढे लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, लेस्ने १९८२ मध्ये बुडाली आणि 'कॉर्गी' गाड्या करणारी मेटॉय १९८३ मध्ये. मॅचबॉक्सचे नाव हस्तांतरित होत होत अखेर मॅटेलकडेच गेले.

आपल्या देशात काय झाले? डिंकीचे काही जुने साचे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि 'निकी टॉईज' या नावाने त्यांतून गाड्या निघू लागल्या. म्हणजे साचा विलायतेचा, जस्त ओतले येथे. भारतीय मुलांच्या हाती देशात ओतलेली अशी वाहने आली, पण त्यांतली बहुतेक आपल्या रस्त्यावरची नव्हती. वास्तविक टेल्को आणि डायमलर-बेंझ यांच्या करारानुसार १९५४ पासून जमशेदपूरला ट्रक होत होते आणि पुढे त्यांनीच देशातील रस्ते व्यापले. तरीही तोच ट्रक ओतीव खेळण्यात इतका विरळा का?

याचे उत्तर मला औद्योगिक वसाहतीजवळच्या बॉडी बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये मिळाले असे वाटते. आपल्याकडे कारखान्यातून बहुधा नुसती चासी आणि पुढचे तोंड एवढेच बाहेर पडे. उघड्या चासीवर खोक्याचे आसन ठोकून, डोक्याला रुमाल गुंडाळून ड्रायव्हर ती शेकडो मैल आणीत. केबिन आणि हौदा हे गावोगावचे सुतार, लोहार आणि वेल्डर बांधीत. त्यावर पेंटर कमळे, मोर आणि 'हॉर्न ओके प्लीज' काढी. सरकीला एक हौदा, सळईला दुसरा, जनावरांना तिसरा. पोलादी साचा एकाच रूपाच्या लाखो प्रती काढतो, आणि आपल्या ट्रकचे दोन नमुनेसुद्धा एकसारखे नाहीत! साच्याने हार मानली ती येथे. म्हणूनच जत्रेत मिळणारा लाकडी ट्रक किंवा तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला ट्रक कित्येकदा महागड्या ओतीव ट्रकपेक्षा खरा वाटतो. त्याचा फाळका साखळीने अडकविलेला असतो. अलीकडे कारखान्यातूनच पूर्ण केबिनचे ट्रक येऊ लागले आहेत, तेव्हा साचा करणाऱ्यांची सोय झाली आहे.

संग्राहकांत एक पंथ असा आहे, की खेळणे खोक्यातून बाहेर काढूच नये. बंद खोक्याची किंमत अनेक पट येते. बाजाराच्या हिशेबाने ते खरे असेल. अभ्यासाच्या हिशेबाने बंद खोक्यातील टिपर मला काहीच सांगत नाही. मी प्रत्येक ट्रकचा हलता भाग महिन्यातून एकदा हलवितो, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब सोडतो, मूळ रंगाला हात लावीत नाही आणि तळाचे रिव्हेट कापून गाडी कधी उघडीत नाही. तळावर कंपनीचे नाव, क्रमांक, देश असा मजकूर असतो; तोच या साधनाचा शिलालेख.

हलविण्याचे आणखी एक कारण आहे, ते रोगाचे. जस्तात शिशाचा अंश मिसळला गेला तर काही वर्षांनी धातूच्या कणांमधले सांधे आतून कुजू लागतात. धातू फुगतो, वाकतो, त्याला केसासारख्या चिरा जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. उष्णता आणि दमट हवा या क्रियेला वेग देतात. १९२९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्त वापरून 'झामाक' हा मिश्रधातू तयार केला तेव्हा यावर उपाय निघाला. तरीही कारखान्यात शिशाचे तुकडे चुकून भट्टीत गेल्यामुळे महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ डिंकी गाड्या अशाच नष्ट झाल्या. हा रोग एका गाडीचा दुसरीला लागत नाही. त्यावर औषधही नाही.

माझ्याकडील क्रमांक १९ चा टिपर या रोगाने आजारी आहे. तो देशी आहे, तळावर कोणाचेच नाव नाही, आणि मध्यावर बिजागरी नसलेला, फाळका वरून लटकणारा असा माझ्याकडील एकमेव देशी टिपर तोच. ज्या अनामिक कारागिराने त्याचा साचा कोरला त्याने गाडी खाली होताना नक्की पाहिली होती. विज्ञानशाखेतील मित्राच्या व्हर्निअर कॅलिपरने मी त्याच्या हौद्याची रुंदी मोजतो. दोन वर्षांपूर्वी ती ३१.२ मिलिमीटर होती. गेल्या दिवाळीत ३१.५ भरली. हौदा दोन कानांमध्ये बसतो, म्हणून फुगवटा डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतो: पूर्वी ५१ अंश उचलला जाणारा हौदा आता ४० अंशांवर अडतो. मी त्याची पुढून, मागून, बाजूने आणि हौदा उचललेल्या स्थितीत मोजमापांसह चित्रे काढून ठेवली आहेत. वहीची आठ पाने त्या एका टिपरला दिली आहेत.

येथे जालनेकरांकडे एक मागणे आहे. आपल्या गावात भंगाराला भाव आहे, त्यामुळे माळ्यावर काही फार दिवस राहत नाही. भंगारवाला चुंबक लावून पाहतो. लोखंड चिकटते ते एका ढिगात जाते, जस्ताचे ओतीव खेळणे चिकटत नाही म्हणून दुसऱ्या ढिगात. तुमच्या घरी एखादा जुना ट्रक निघाला आणि त्याला चुंबक चिकटले नाही, तर विकण्यापूर्वी तळ वाचून पाहा आणि मला दाखवा. विकत घेण्याची माझी ऐपत बेताचीच आहे. हौदा किती अंश उचलला जातो आणि फाळका कोठून उघडतो एवढे टिपून मी तो त्याच दिवशी परत करीन.