स्नायू झिजतात तेव्हा

अण्णांचा उजवा हात आधी बारीक झाला. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडताना बोटं वळेनात, मग अंगठ्याजवळचं मांस बसलं. मोटर न्यूरॉन डिसीजचं निदान झालं आणि सोलापुरातल्या आमच्या घरी सल्ल्यांची रीघ लागली. ‘‘प्रोटीन कमी पडतंय,’’ म्हणत एका पाहुण्यांनी अमिनो ॲसिडच्या पावडरीचा भला मोठा डबा आणून दिला. न्यूरॉलॉजिस्टांनी तो उघडू दिला नाही.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच मरतात. अण्णांना ते लगेच उमगलं. म्हणाले, ‘‘वीजच नसली तर मागावर कितीही सूत चढवा, कापड निघणार नाही.’’

त्या डब्यावर ठळक छापलेल्या ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांची याच आजाराच्या रुग्णांवर चाचणी झालेली आहे. १९८८ साली १८ रुग्णांवरच्या लहानशा प्रयोगाने आशा दाखवली. पुढे इटलीतला मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण ती घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तरी विकणारे ते सांगत नाहीत, याचा मला संताप येतो.

खाण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. वजन उतरणं या आजारात फार वाईट. दर महिन्याला ते लिहून ठेवा. शेंगाचटणीची कोरडी पूड घशात अडकून अण्णांना ठसका लागायचा. मग आम्ही ती दह्यात कालवू लागलो, भाकरी आमटीत पार कुस्करू लागलो, वर सढळ तूप. रुग्णाला ताठ बसवा, घास गिळताना हनुवटी किंचित खाली. जेवण लांबू लागलं, ठसके वाढले, की पोटात बसवायच्या नळीबद्दल लगेच विचारा. श्वासाची ताकद टिकून असतानाच ती बसवणं कमी धोक्याचं.

अशा पावडरींपासून पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरांनी तर जास्तच जपावं. त्या आजारावरची लेव्होडोपाची गोळी आतड्यातून आणि मेंदूत ज्या वाटेने शिरते, तीच वाट अमिनो आम्लंही अडवतात. गोळीचा असर कमी होतो.

घरात असा डबा आला असेल, तर तो उघडण्याआधी न्यूरॉलॉजिस्टांना दाखवा. आणि अशा डब्यांवर जाणारे पैसे आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपी आणि श्वासाच्या तपासणीसाठी राखून ठेवा.