दोन नाणी आणि सिकलसेल

धार आणि देवास ही नावे आपण पवारांच्या संस्थानांमुळे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली असतात. त्याच देवास जिल्ह्यात, विंध्याच्या डोंगराळ भागात उदयनगर आहे. आसपास भिल्ल, भिलाला, कोरकू यांची वस्ती. मध्य प्रदेशाच्या या आदिवासी पट्ट्यात, आणि आपल्या नंदुरबार-गडचिरोलीतही, सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वाणिज्य शाखेच्या मुलाने रक्तावर लिहावे याचे प्राध्यापकांना नवल वाटेल. पण या आजाराचे गणित आमच्या सांख्यिकीच्या पेपरातलेच आहे.

हिमोग्लोबिन कसे बनवायचे याची एक सूचना ११ व्या गुणसूत्रावरील जनुकात असते. तिच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची, एक वडिलांची. या सूचनेत एका अक्षराची चूक झाली की प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. पेशी लवकर फुटल्याने अंगात रक्तही राहत नाही.

मात्र यासाठी दोन्ही प्रती सदोष लागतात. बँकेत दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने चालणारे खाते असते, तसेच हे. एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम भागते. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याला सहसा काही त्रास नसतो. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. जंगलपट्ट्यांत ही चूक टिकून राहिली ती याचमुळे.

आता आई व वडील दोघेही वाहक आहेत असे समजा. दोघांच्या हाती एकेक नाणे, छापा म्हणजे सदोष प्रत. दोन्ही छापे पडण्याची शक्यता चारात एक. येथेच माणसे फसतात. एक मूल आजारी निघाले, म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब मांडला जातो. पण नाण्याला मागचे काही आठवत नाही! मी दोन रुपयांची नाणी घेऊन बसलो, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेकीत लागोपाठ दोन्ही छापे पडले. नंतर नऊ फेकी एकदाही नाही.

याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. वाहक आईबापांना चार मुले असली, तरी चारही आजारातून सुटण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते. म्हणजे ‘आमच्या घरात कोणाला काही नाही’ हे वाक्य पुरावा ठरत नाही. सुटलेल्या मुलांतही प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता तीनात दोन!

म्हणून रक्ततपासणी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीनंतर कार्ड मिळते, आणि माझ्या मते खरी अडचण तेथून सुरू होते. वाहक मुलीचे कार्ड पाहून स्थळ मोडणारे लोक मुलाचे रक्त तपासतच नाहीत. वास्तविक प्रश्न जोडीचा आहे. जोडीदाराचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, थॅलेसेमियाचेही वाहकत्व नसेल, तर त्यांची निम्मी मुले वाहक होऊ शकतील. सिकलसेलचा आजार मात्र त्यांपैकी कोणालाही होणार नाही.