मन वळवणारी वाणी : श्रीकृष्णांच्या शिष्टाईतून अभ्यास

आपले म्हणणे दुसऱ्याला पटावे, असे प्रत्येकाला वाटते. पण ते पटते कशामुळे? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी इ.स.पूर्व ४ थ्या शतकात याचे तीन मार्ग सांगितले : बोलणाऱ्यावरील विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. महाभारताच्या उद्योगपर्वात भगवान श्रीकृष्ण पांडवांचे दूत म्हणून हस्तिनापूरला जातात. त्या प्रसंगात हे तिन्ही मार्ग दिसतात.

१. विश्वास : दुर्योधनाने भोजनाचा आग्रह केला, तो श्रीकृष्णांनी नाकारला. दूत कार्य सिद्ध झाल्यावरच जेवतात, असे सांगून ते विदुराघरी जेवले. मिंधेपण नसलेल्याच्या शब्दाला वजन असते.

२. भावना : भर सभेत त्यांनी धृतराष्ट्राला आठवण दिली, की पांडव लहानपणीच पित्याला पारखे झाले आणि तुम्हीच त्यांना वाढवले. हे बोलणे हृदयाला भिडणारे होते आणि खरेही होते.

३. युक्तिवाद : कौरव-पांडव एकत्र राहिले, तर तुम्हाला कोण जिंकू शकेल? युद्ध झाले, तर दोन्हीकडे नाशच. त्यात लाभ कोणता?

तरीही दुर्योधनाने ऐकले नाही. धृतराष्ट्राला पटले, पण आपण स्वतंत्र नाही, असे तो म्हणाला. म्हणजे बुद्धीला पटणे वेगळे आणि मोह सुटणे वेगळे. समोरचा वळला नाही, म्हणून योग्य वाणी व्यर्थ ठरत नाही.

वाणीची कसोटी

भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायातील १५ व्या श्लोकात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. ‘हा संदेश ११ जणांना पाठवा, नाही तर अनिष्ट घडेल’, असे वाचून मनात भीती उत्पन्न होते. पण त्यात सत्यही नाही आणि हितही नाही. असा संदेश आपल्यापाशीच थांबवावा.

हीच कसोटी स्वतःलाही लावावी. ‘सत्संगाला आला नाहीत, तर संकट येईल’, असे आपण कधी कुणाला म्हणालो आहोत का? तसे असेल, तर तो माणूस श्रद्धेने आला नाही, भीतीने आला. भीती ओसरली, की तो निघूनही जाईल.

स्वाध्याय : आज कुणाला काही पटवून देण्याचा प्रयत्न केला असेल, तर तो प्रसंग रात्री आठवा आणि स्वतःला विचारा :
- मी सांगितले ते खरे होते का?
- त्यात त्याचे हित होते, की माझा हट्ट?
- त्याला ‘नाही’ म्हणायला मी जागा ठेवली का?