शेजारच्या घरचा दिवा

नाथषष्ठीला आपण पैठणास जातो, नाथांची कथा ऐकतो. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. एवढे ऐकून डोळे पुसले म्हणजे भागले काय? सज्जनहो, तो धडा संसारात गिरवला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगरात हातावर पोट असणारी घरे पुष्कळ. काम बुडाले की विजेचे बिल थकते. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ सांगते, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. सेवेची वेळ ती हीच! एकदा वीज तोडली, की तोडण्या-जोडण्याचा खर्चही त्या गरिबाच्याच माथी बसतो. तेव्हा चार माळकऱ्यांनी मुदतीतच वर्गणी काढावी. बिल चुकीचे वाटत असेल तर आधी तक्रार लिहून द्यायला मदत करावी.

मात्र देणे गुपचूप असावे. बिलावरचा ग्राहक क्रमांक घेतला, तर महावितरणकडे परस्पर भरणा करता येतो. पावती तेवढी घरी पोचवावी. चारचौघांत पैसे देऊन कुणाला ओशाळे करू नये.

कावड रिती झाली, म्हणून नाथांची यात्रा अपुरी राहिली नाही. आपलीही राहणार नाही.