उन्हाळी प्रदेशांतील कुटुंबाचें घर

शेतकरी बीं पेरण्यापूर्वीं जमिनीचा कस पाहतो, पावसाचें मान पाहतो, उताराची दिशा पाहतो. पण तोच शेतकरी घर बांधावयास निघाला म्हणजे शहरांतील एखाद्या घराचा दर्शनी भाग पाहून येतो आणि "असेंच बांध" म्हणून गवंड्यास सांगतो. जन्मभराची शिल्लक, क्वचित् विकलेल्या एकर-दोन एकरांचा पैसाहि, या एका कामांत खर्ची पडतो. घर उभें राहतें. पण वैशाखांत त्यांत बसवत नाहीं. आम्ही राहतों त्या नागपुरांतील प्रतापनगरांत अशीं घरें जागोजाग आहेत. दुपारीं वीज गेली कीं, घरांतील म्हातारीं माणसें, बाळंतीण व तान्हें मूल यांचे जे हाल होतात, ते सांगावयास नकोत. म्हणून नकाशा कागदावर आहे तोंवरच कोणत्या गोष्टींचा विचार करावा, तें येथें क्रमानें सांगतों.

१. ऊन कोठून येतें

प्रतापनगरापासून जवळच असलेल्या सोनेगांवच्या वेधशाळेंत २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश सेल्सिअस उष्णतामान नोंदलें गेलें. एरवीं मे महिन्यांत दुपारीं पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो व पहाटे २८ च्या आसपास उतरतो. हा चौदा-पंधरा अंशांचा फरक हेंच आपलें भांडवल होय. रात्रीचा गारवा घरांत सांठवावा व दिवसाची धग बाहेर थोपवावी, एवढ्या एका सूत्रांत सारें शास्त्र आलें.

नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेस २१ अंशांवर आहे. त्यामुळें २६ मेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखालीं जाते. म्हणजे उन्हाळ्यांत सर्वांत अधिक ऊन छपरावर पडतें. त्याखालोखाल पूर्व व पश्चिम भिंतींवर. दक्षिणेची भिंत त्या दिवसांत जवळजवळ मोकळी सुटते. डिसेंबरांत मात्र मध्यान्हींचा सूर्य दक्षिणेस ४५ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फूट रुंदीचा छज्जा घातला, तर मे महिन्यांत सगळी खिडकी छायेंत राहते, आणि हिंवाळ्यांत तीच छाया दोन फूटच खालीं उतरून हवेंसें ऊन आंत येतें. पश्चिमेस हा उपाय चालत नाहीं. साडेचार वाजतां सूर्य इतका कललेला असतो कीं, त्याच छज्ज्याची छाया जेमतेम फूटभर पडते. तिकडे खिडक्याच थोड्या व लहान ठेवाव्या.

२. छप्पर

चार-पांच इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि सायंकाळपासून खोलींतील माणसांवर धग ओततो. पंखा लावला, तर तो तीच तापलेली हवा फिरवितो. पहिला पैसा छपरावर घालावा, असें आम्ही म्हणतों तें याकरितां.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. करड्या सिमेंटची गच्ची उन्हाचा सुमारें दोनतृतीयांश भाग शोषून घेते; ताज्या पांढऱ्या चुन्याची पाव ते एकतृतीयांशच घेते. मात्र धुळीनें पांढरेपणा जातो, म्हणून दर वर्षीं होळीच्या सुमारास नवा हात द्यावा. त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करणें, किंवा मातीचीं मडकीं पालथीं मांडून त्यांवर चुन्याचा थर देणें. मडक्यांत कोंडलेली हवा उष्णता अडविते. कांहींच न जमल्यास फाल्गुनांत गच्चीवर बांबूचा मांडव घालावा. आपल्या जुन्या घरांत कवेलूंखालीं लांकडी पाटण असे. ऊन वरच्या पोकळींत अडकून राही व माणूस खालीं सुखानें निजे. मांडवाचें तत्त्व तेंच आहे.

३. भिंती व खोल्यांची मांडणी

नऊ इंची विटांच्या भिंतींतून बाहेरची धग आंत पोंचावयास सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारीं चार वाजतां पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलें ऊन रात्रीं दहा-अकराला, नेमकें अंथरूण घातल्यावर, आंत येतें. म्हणून पश्चिमेस जिना, न्हाणीघर, धान्याची कोठी अशा जागा याव्या व निजावयाच्या खोल्या पूर्वेस किंवा ईशान्येस घ्याव्या. उन्हाळ्यांत वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून वाहतो. त्यामुळें चूल आग्नेयेस ठेवण्याची वहिवाट येथें हिशेबानेंहि बरोबर ठरते, कारण धूर व धग घरांत न शिरतां बाहेर जाते.

शहरांत भूखंडाचें तोंड रस्त्याकडे असतें. तें आपल्या हातीं नाहीं. रस्ता पश्चिमेस आला, तर त्या बाजूस खोल छपरी काढावी व पुढें कडुनिंब किंवा करंज लावावा. दोन्ही झाडें वैशाखांत नव्या पालवीनें भरलेलीं असतात. मात्र काळ्या जमिनींत मुळें पायाला त्रास देतात, म्हणून झाड पंधरा फूट तरी दूर असावें.

भिंतींत पोकळी ठेवून विटा उभ्या लावण्याची बांधणी लॉरी बेकर यांनीं केरळांत प्रचारांत आणली. तींत विटा सुमारें चतुर्थांश कमी लागतात व पोकळींतील हवा उष्णता रोखते. पश्चिमेच्या भिंतीस ती विशेष उपयोगी आहे. मात्र ती येणारा गवंडी आधीं पाहून ठेवावा.

४. सेवाग्रामचा धडा

याच उन्हांत, नागपुरापासून सुमारें ७५ किलोमीटरांवर, सेवाग्रामची बापूकुटी उभी आहे. गांधीजी १९३६ सालीं तेव्हांच्या शेगांवांत राहावयास आले. मातीच्या भिंती, बांबू व लांकूड, वर कवेलू आणि उन्हापासून भिंतींना जपणारी पडवी, एवढाच तिचा संसार. ती पाहून कोणी सिमेंट सोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण जाड भिंत, उतरतें छप्पर व छायेंतील भिंत हीं तीन तत्त्वें कोणत्याहि सामानांत आणतां येतात. वर्धा येथेंच १९७६ सालीं स्थापन झालेल्या 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' या संस्थेनें कुंभाराच्या चाकावर केलेल्या निमुळत्या नळ्या एकींत एक बसवून कमानी छपरें करण्याची रीत बसविली आहे. शेतावरचें घर बांधणारांनीं ती एकदां जाऊन पाहावी.

५. वारा व पाणी

कोंकणांत हवा दमट असल्यामुळें घर दिवसभर उघडें ठेवावें लागतें. आपल्याकडे तसें केल्यास उन्हाची झळ आंत घेतल्यासारखें होतें. सकाळीं आठ-नऊला दारें-खिडक्या लावाव्या, आणि सूर्य बुडून बाहेरची हवा निवाली म्हणजे सर्व उघडाव्या. त्याकरितां समोरासमोर खिडक्या व छताजवळ झरोके ठेवावे. जागा असल्यास लहानसा चौक सोडावा. रात्रीं गार हवा त्यांत उतरते.

हवा कोरडी असल्यामुळें पाणी येथें मोठें काम करतें. पारा ४२ अंशांवर व हवेंतील दमटपणा शेंकडा २० असतां, पाणी उडून हवा २४ अंशांच्या आसपास निवूं शकते. वाळ्याची ताटी व कूलर याच नियमावर चालतात. पण कूलरच्या हवेला बाहेर जावयास वाट हवी. खोली बंद करून बसल्यास ती दमट होते व गारवा सरतो. पावसाळ्यांत हा उपाय व्यर्थ आहे.

शेवटीं खर्चाचा क्रम सांगतों. प्रथम छपराची छाया, मग पश्चिमेची बाजू, मग झरोके, नंतर कूलर, आणि सर्वांच्या अखेरीस विजेचें मोठें यंत्र. हा क्रम उलटा धरणारास घराचा खर्च दर उन्हाळ्यांत विजेच्या देयकावर नव्यानें भरावा लागतो. गवंड्यास विसार देण्यापूर्वीं नकाशावर चारी दिशा लिहून घ्याव्या आणि दुपारीं चार वाजतां घरांतील म्हातारें माणूस कोठें बसेल, तें बोट ठेवून विचारावें. तें ठिकाण दाखवितां आलें नाहीं, तर नकाशा बदलून घ्यावा.