बारावी गाळण्याआधी

बारावी न करता थेट पदवीला प्रवेश मिळतो असं ऐकून तुम्ही, किंवा तुमच्या घरातलं कोणी, अर्ज भरायच्या बेतात असाल तर आधी माझा अनुभव ऐका. मी त्याच वाटेनं बी.ए. झाले. पदवी खरी आहे, अभ्यास मन लावून केला आहे, सगळ्या वर्षांची गुणपत्रकं माझ्याजवळ आहेत. तरीही एलएल.बी.च्या प्रवेशाच्या छाननीत माझ्या नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा पडला.

दहावीनंतर मी अकरावी सायन्सला नाव घातलं होतं. वडिलांचं आजारपण आलं, कॉलेज सुटलं आणि तालुक्याच्या कोर्टासमोर एका वकिलांकडे मी टायपिंगला लागले. वकीलपत्रं, प्रतिज्ञापत्रं, तारखांची डायरी या कामाची मला गोडी लागली. वकीलसाहेब म्हणायचे, “पोरी, तू एलएल.बी. कर. सनद घे. तुला हे जमेल.” त्यासाठी आधी पदवी हवी होती. मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर चौकशी केली. तिथे सांगितलं, “बारावीत कशाला अडकता? अठरा पूर्ण आहेत ना? पूर्वतयारीचा कोर्स करा आणि थेट एफ.वाय.ला या.” सांगितलं ते खोटं नव्हतं. प्रवेश मिळाला, संपर्कसत्रं झाली, परीक्षा झाल्या, पदवी हातात आली. त्या पदवीवर पुढे काय करायचं आहे, हे मात्र तिथे कोणी विचारलं नाही.

वकिलीच्या शिक्षणाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. त्यांच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला पाचवा नियम प्रवेशाच्या पात्रतेचा आहे. त्याखालच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की, मूळ शैक्षणिक पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी लॉच्या प्रवेशाला चालत नाही. त्याच नियमात दूरशिक्षणानं केलेली बारावी आणि पदवी मान्यही केली आहे. म्हणजे घरी बसून शिकलात म्हणून कोणी अडवत नाही. दहावी, बारावी, पदवी या क्रमातली मधली पायरी नसेल, तर अडवतात.

“मग आता बारावी देते,” असं मी म्हटलं. पण पदवीला प्रवेश कशाच्या आधारावर घेतला, हे तिथे पाहिलं जातं. नंतर मिळवलेली बारावी आधीच्या पदवीखाली सरकवता येत नाही. अखेर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केली आणि त्या बारावीवर सीईटी देऊन पाच वर्षांच्या लॉला प्रवेश घेतला. हातात बी.ए.ची पदवी असून मी पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात बसले. वाचवलेली वर्षं व्याजासकट भरावी लागली.

ही अट एकट्या वकिलीची नाही. शिक्षक व्हायचं असेल, तर पहिली ते पाचवीसाठी एनसीटीईच्या २०१० च्या अधिसूचनेनं बारावी आणि डी.एल.एड. ही मूळ पात्रता ठरवली. नर्सिंगचा जीएनएम, एनडीए, नीट या सगळ्यांच्या दारात बारावी मागतात आणि बी.ए.ची पदवी दाखवून ती मागणी भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या दूरशिक्षणाच्या नियमांतही पदवीच्या प्रवेशासाठी बारा वर्षांचं शालेय शिक्षण ही मुख्य अट होती. आधीचं शिक्षण नसलेल्यांना प्रवेशपरीक्षेची सवलत होती, पण त्यासाठी वय एकवीस पूर्ण लागत होतं. ती सवलत शाळा कायमची सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी होती. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना बारावी चुकवता यावी म्हणून ती ठेवलेली नव्हती.

म्हणून अर्ज भरण्याआधी काही गोष्टी करा.

ज्या कोर्सला जायचं आहे त्याची माहितीपुस्तिका वाचाच, पण त्याच्या पुढच्या कोर्सची आणि त्यानंतरच्या नोकरीचीही वाचा. पात्रतेच्या रकान्यात ‘१०+२+३’ किंवा ‘उच्च माध्यमिक उत्तीर्ण’ असे शब्द आहेत का ते पाहा. तोंडी मिळालेल्या उत्तरावर थांबू नका. जे दार पुढे उघडायचं आहे, त्याच दाराशी विचारा: लॉला जायचं असेल तर सीईटी सेलच्या पुस्तिकेत आणि लॉ कॉलेजमध्ये, शिक्षक व्हायचं असेल तर अध्यापक विद्यालयात. पदवी देणारी संस्था तुम्हाला तिच्या प्रवेशाचे नियम सांगेल. पुढच्या संस्थेचे नियम सांगण्याची जबाबदारी तिच्यावर नसते.

नियमित कॉलेज जमत नसेल, तरी बारावीचे रस्ते बंद नाहीत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येतं. नावनोंदणी परीक्षेच्या बरेच महिने आधी असते, ती चुकवू नका. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे पाच विषय घेऊन बारावी करता येते, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. नोकरी सांभाळणाऱ्याला, आजारपण निभावणाऱ्याला, सासरी गेलेल्या मुलीला झेपेल अशी ही सोय आहे.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची ठरलेली वाट आहे. पण नीटचा विचार मनात असेल, तर तिथेही बारावीचा प्रश्न आधी सोडवा.

वेळ वाचवायचाच असेल तर बारावीनंतर वाचवा. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभा आयोगानं दिली आहे. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरशिक्षणानं करता येते.

मुक्त विद्यापीठांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. दिल्लीचं इग्नू १९८५ मध्ये आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. गृहिणी, जवान, कामगार अशा कितीतरी जणांना या विद्यापीठांमुळे पुन्हा पुस्तक हातात घेता आलं. पस्तिशीतल्या बाईला शिकण्याची हौस पुरी करायची असेल, किंवा आहे त्या नोकरीत पदवी पुरणार असल्याचं लेखी उत्तर मिळालं असेल, तर बारावीवाचून पदवी घेण्यात तिचं काही अडणार नाही. पण अठराव्या वर्षी आपण पुढे काय होणार हे ठरलेलं नसतं. मलाही टायपिंगच्या टेबलावर बसल्यावरच वकिलीची ओढ लागली. ज्या वयात बेत बदलतात त्या वयात कुठलंही दार स्वतःहून लावून घेऊ नका. बारावीला दोन वर्षं लागतात, ती द्या. आणि ज्यांनी माझ्यासारखी ती आधीच गाळली आहे, त्यांनी पुढच्या अर्जाची वाट न पाहता यंदाच्या नावनोंदणीची तारीख आजच विचारून घ्यावी.