तो फॉर्म भर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

वहिनीचा फोन आल्यापासून जिवाला घोर लागलाय. रात्रपाळीत डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्यात पोटॅशियम क्लोराइडचं अ‍ॅम्प्यूल निघालं, सिरिंज भरण्याआधी तू लेबल वाचलंस आणि अनर्थ टळला. पण इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "झालं नाही ना काही? मग लिहू नकोस," आणि तू इन्सिडेंट फॉर्म कोरा ठेवलास. मला काळजी त्या कोऱ्या फॉर्मची आहे. दोन्ही अ‍ॅम्प्यूलं दहा मिलीची, आतला द्रव सारखाच रंगहीन; आणि पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. तुझ्या नजरेनं एक पेशंट वाचला. खोकं मात्र तिथंच आहे, आणि उद्या त्यात हात घालणारी मुलगी कदाचित सलग दुसरी ड्यूटी करत असेल.

चुका लिहिल्या की वॉर्ड बदनाम होतो, असं तुम्ही सगळ्याच मानता. अ‍ॅमी एडमंडसन या संशोधिकेचा औषधांच्या चुकांवरचा अभ्यास १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डात चुका कमी सापडतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे निघाले उलटे. जिथं प्रमुख परिचारिकेशी मोकळं बोलता येत होतं, तिथंच नोंदी जास्त होत्या, कारण तिथं कुणी लपवत नव्हतं. मिशिगनमध्ये २००३ नंतर शंभराहून अधिक आयसीयूंत सेंट्रल लाइन घालताना हात धुणं, क्लोरहेक्सिडिन लावणं अशा पाच साध्या गोष्टी पाळायच्या ठरल्या. एखादी राहिली तर परिचारिकेनं डॉक्टरांना थांबवायचं, हाही नियमच. आधी दर हजार लाइन-दिवसांमागे २.७ असणारा जंतुसंसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. हाताखालच्या माणसाला "थांबा" म्हणायची मुभा होती.

तू म्हणशील, आत्या, खरं बोलणाऱ्यालाच लटकवतात. हा आक्षेप खोटा नाही. नॅशव्हिलमध्ये २०१७ साली चुकीचं औषध दिल्याचं एका परिचारिकेनं स्वतः कबूल केलं, तरी २०२२ मध्ये कोर्टानं तिला दोषी ठरवलं. मात्र तिथं पेशंट दगावला होता. तुझ्याकडे कुणालाही इजा नाही. बोलायची याहून सोपी वेळ येत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं, की वैद्यकीय व्यवसायातल्या माणसाला फौजदारी दोषी धरायला निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. मेमो येणारच नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. म्हणून नाव कुणाचंच घालू नकोस. खोकं कुठं होतं, किती वाजता दिसलं, पोटॅशियम कुलुपात वेगळं का ठेवावं, एवढंच लिही.

रागावले, पण एकट्या सिस्टरवर अर्धा वॉर्ड टाकतात, पहाटे चारला अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात, हे कळतं गं मला. तरीही तू लेबल वाचलंस, बाळा, याचा फार अभिमान वाटतो. सुट्टीला आलीस की पोटभर झोप, कुणी उठवणार नाही. त्याआधी तो फॉर्म भर, आणि मेमो आलाच तर पहिला फोन मला कर.

तुझी,
आत्या